जुने फोन नेमके कशाने जातात?

फोन का बदललास असं विचारलं की बहुतेक लोक 'जुना झाला होता' एवढंच सांगतात. मला हे उत्तर पुरत नाही. माझ्या आणि घरच्यांच्या हातून आजवर जे फोन गेले, त्यांतला एकही निव्वळ वयाने गेलेला नाही. एकाचं नेटवर्कच बंद झालं. एकाची बॅटरी फुगली. एकाच्या पोटात मिरामारच्या समुद्राचं खारं पाणी गेलं. एक तर धडधाकट होता, स्क्रीनवर साधा ओरखडा नव्हता, पण त्यात काहीच उघडेना. फोन चालू असतो तेव्हा तो आत कसा चालतो याची चौकशी कुणी करत नाही. बंद पडला की मात्र त्याचा एकेक भाग आपोआप समजत जातो. म्हणून इथे फोन त्यांच्या वयाप्रमाणे येणार नाहीत, ते कशाने गेले त्याप्रमाणे येतील.

आमचं घर गोव्यात, सत्तरी तालुक्यात वाळपईच्या पुढे, नोकरी पणजीत. भारतातला पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५ रोजी झाला. कोलकात्याहून मुख्यमंत्री ज्योती बसू बोलले, दिल्लीत दूरसंचारमंत्री सुखराम यांनी ऐकलं. गोव्यात सेवा त्यानंतर आली, तेव्हा कंपन्यांची नावं होती बीपीएल आणि बिर्ला एटी अँड टी. बोलायला मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत पडायचे, आणि आलेल्या कॉलचेही पैसे लागायचे. म्हणजे मामाने फोन करायचा आणि बिल आपण भरायचं. त्या काळातले मोबाइल मी फक्त खाणवाल्यांच्या आणि हॉटेलवाल्यांच्या कमरेला पाहिले. १ मे २००३ पासून कॉल लावणाऱ्यानेच पैसे द्यायचे असं ठरलं, इनकमिंग फुकट झालं, आणि आमच्यासारख्यांच्या घरात मोबाइल शिरला.

माझा पहिला फोन नोकिया ११००. तो २००३ सालीच बाजारात आला आणि पुढे जगभर पंचवीस कोटींच्या आसपास विकला गेला. धूळ जाऊ नये म्हणून कळफलकावर एकसंध रबर, हातातून निसटू नये म्हणून खरखरीत कडा, आणि वर टॉर्च. सत्तरीत पावसाळ्यात वीज कधी जाईल याचा नेम नसतो, त्यामुळे आमच्याकडे तो आधी टॉर्च होता आणि मग फोन.

आठ जण, एक फ्रिक्वेन्सी

रेडिओलहरींचा पट्टा मर्यादित असतो. कंपनीला त्यातला ठरावीक भाग मिळतो आणि सगळी गिऱ्हाइकं त्यातच बसवायची असतात. त्यासाठी प्रदेशाचे लहान तुकडे पाडतात, प्रत्येक तुकड्याला एक टॉवर देतात, आणि एकमेकांना अडथळा होणार नाही इतक्या लांबच्या तुकड्यांत तीच फ्रिक्वेन्सी पुन्हा वापरतात. टू-जीमध्ये, म्हणजे जीएसएममध्ये, याच्या जोडीला वेळेचीही वाटणी असते. एका फ्रिक्वेन्सीवर आठ जण पाळीपाळीने बोलतात. एकाची पाळी सुमारे ५७७ मायक्रोसेकंदांची. आठही झाले की पुन्हा पहिला. हे चक्र सेकंदाला साधारण २१७ वेळा फिरतं. आपला आवाज आकड्यांत बदलून, दाबून त्या इवल्या पाळीत भरलेला असतो, म्हणून कानाला खंड जाणवत नाही.

हा २१७ चा आकडा तुम्ही कानांनी ऐकलेला आहे. गावच्या जत्रेत नाटक रंगात आलेलं असायचं, आणि राजा प्राण सोडणार एवढ्यात स्पीकरमधून 'टिडिक-टिडिक-टर्रर्र' सुरू व्हायचं. माइकजवळ बसलेल्या कुणाच्या तरी खिशातला फोन वाजायच्या बेतात आहे, हे सगळ्या मांडवाला त्याच्याआधी कळायचं. टॉवरशी बोलताना टू-जीचा फोन सेकंदाला २१७ वेळा चालू-बंद होत लहरी सोडतो. स्पीकरची लांब तार ॲंटेनासारखी ते झटके पकडायची आणि ॲम्प्लिफायर ते मोठे करून सगळ्यांना ऐकवायचा. थ्री-जीचे फोन झटके न देता सलग प्रसारण करतात, त्यामुळे ती घरघर हळूहळू नाहीशी झाली. नाटकवाल्यांनी थ्री-जीचे आभार मानायला हरकत नाही.

पाळीच्या हिशोबाचा आणखी एक परिणाम आहे, आणि तो ट्रॉलरवरच्या लोकांना जास्त माहीत आहे. लांबच्या फोनचा सिग्नल टॉवरपर्यंत पोचायला किंचित उशीर लागतो. तेवढ्या उशिराने तो दुसऱ्याच्या पाळीत घुसेल. म्हणून टॉवर त्या फोनला सांगतो की तू थोडा आधीच बोलायला लाग. हे 'थोडं आधी' ६३ पायऱ्यांपर्यंतच सांगता येतं आणि एक पायरी म्हणजे सुमारे ५५० मीटर. गुणाकार केला तर जवळपास ३५ किलोमीटर होतात. साध्या मांडणीच्या टू-जी टॉवरची ही हद्द. मालीम किंवा कुटबणच्या जेटीवरून निघालेली बोट त्यापलीकडे गेली की समुद्रात आड काही नसल्यामुळे सिग्नल कदाचित पोचेलही, पण कॉल लागणार नाही. टॉवरची ताकद संपलेली नसते, हिशोबातल्या पायऱ्या संपलेल्या असतात.

एसएमएसचंही असंच गणित. हा निरोप कॉल जोडण्याच्या कामासाठी ठेवलेल्या वाटेनेच जायचा, आणि तिथे एका निरोपाला १४० बाइट एवढीच जागा. इंग्रजीचं एक अक्षर ७ बिटांत बसवलं की १६० अक्षरं मावतात. देवनागरीला एका चिन्हासाठी १६ बिट लागतात, म्हणून मावतात फक्त ७०. त्यातही काना, मात्रा, वेलांटी, पाय मोडल्याची खूण हे सगळं वेगळं मोजलं जातं. 'गणेश चतुर्थीच्या हार्दिक शुभेच्छा' एवढं लिहिलं की मधल्या जागा धरून ३३ चिन्हं संपतात. नाव-गाव, घरच्यांची चौकशी लिहायला गेलं की दुसऱ्या एसएमएसचे पैसे. आमची अख्खी पिढी रोमन लिपीत मराठी लिहायला शिकली त्यामागे आळस असेलही, पण खिसाही होता.

बाबांचा फोन

बाबांनी त्याच सुमारास हप्त्यांवर एक सीडीएमए फोन घेतला. तो माझ्या फोनपेक्षा दिसायला चांगला होता आणि आवाजही स्वच्छ यायचा. सीडीएमएमध्ये पाळ्या नसतात. सगळे एकाच वेळी, एकाच रुंद पट्ट्यावर बोलतात, पण प्रत्येकाचा संदेश वेगळ्या सांकेतिक आकड्यांत गुंडाळलेला असतो. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात एकाच वेळी कोकणी, मराठी, कानडी, हिंदी असा गलका चाललेला असतो, आणि तरी आपल्या भाषेतला भाव आपल्याला बरोबर ऐकू येतो, तसंच हे. ज्याचा संकेत माहीत आहे तो आवाज उचलायचा, बाकीचा गलका समजून सोडून द्यायचा.

तंत्र उत्तम होतं. गोची दुसरीकडे होती. बाबांच्या फोनमध्ये सिम नव्हतं, नंबर फोनमध्येच कोरलेला होता. जीएसएमवाल्याला कंपनी आवडली नाही तर सिम बदलता यायचं, यांचा फोन आणि कंपनी यांचं लग्न लागलेलं. पुढे जगाने फोर-जीसाठी जीएसएमच्या घराण्यातली वाट धरली, आणि सीडीएमए चालवणाऱ्या कंपन्यांनी ती सेवा गुंडाळली. बाबांचा फोन त्या दिवशीही चालू होत होता, घड्याळ दाखवत होता, गजर लावत होता. बोलायला पलीकडे कुणी नव्हतं. यंत्र शाबूत असूनही फोन जाऊ शकतो, हे मला तेव्हा पहिल्यांदा नीट कळलं.

इथे रेंजच्या हद्दीचीही गोष्ट सांगायला हवी, कारण ती गोव्यात फार ठसठशीत दिसते. परवाने देताना सरकारने देशाची सर्कल पाडली. गोवा महाराष्ट्राच्या सर्कलमध्ये, आणि मुंबई त्यातून वेगळी. त्यामुळे पत्रादेवी ओलांडून बांद्याला, सावंतवाडीला गेलं तर काहीच फरक पडायचा नाही, पण केरीवरून चोर्ला घाट चढून बेळगावच्या वाटेला लागलं की रोमिंग. आलेल्या कॉलला पुन्हा पैसे. सत्तरीतल्या लोकांचं दवाखान्यापासून लग्नाच्या साड्यांपर्यंत सगळं बेळगावला, म्हणून घाटात ठरलेलंच असायचं: फोन आला की कापायचा आणि उतरल्यावर बूथ शोधायचा. काणकोणात पोळ्याकडे तर घरात बसल्या बसल्या कारवारकडचा टॉवर पकडून रोमिंग लागायचं. रेडिओलहरींना चेकनाका दिसत नाही, फोन जो टॉवर जोरात ऐकू येईल तो धरतो. २०१७ च्या सुमारास इनकमिंग रोमिंगचे पैसे जवळपास सगळ्यांनीच सोडून दिले आणि हा विषय मिटला.

बॅटरीबद्दलचे जुने सल्ले

सगळ्यात जास्त फोन बॅटरीपायी जातात, आणि सगळ्यात जास्त चुकीचे सल्लेही तिच्याचबद्दल मिळतात. 'नवा फोन पहिल्यांदा आठ तास चार्ज कर', 'पूर्ण उतरल्याशिवाय चार्जिंगला लावू नको' हे अजूनही दुकानात सांगतात. हे सल्ले खोटे नाहीत, जुने आहेत. ते निकेलच्या बॅटऱ्यांसाठी होते. नोकिया ३३१० बरोबर येणारी बॅटरी निकेल-मेटल हायड्राइडची होती. निकेलच्या बॅटऱ्या, त्यातही निकेल-कॅडमियमच्या, सतत अर्ध्यावरून चार्ज केल्या तर पूर्ण ताकद देईनाशा व्हायच्या.

मग लिथियम-आयन आली. सोनीने ती १९९१ मध्ये बाजारात आणली, आणि तिच्यामागच्या संशोधनाला २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं: जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो. गुडइनफ तेव्हा ९७ वर्षांचे होते. ही बॅटरी चालते कशी? एका बाजूला ग्राफाइट, दुसऱ्या बाजूला कोबाल्टसारख्या धातूचा ऑक्साइड, मध्ये एक द्रव. चार्ज करताना लिथियमचे आयन ग्राफाइटच्या थरांत जाऊन बसतात, वापरताना परत येतात. प्रत्येक फेरीत थोडं लिथियम द्रवाशी संयोग पावून ग्राफाइटवर थर धरतं आणि कायमचं अडकतं. फेऱ्या वाढतात तसं फिरायला उरलेलं लिथियम कमी होतं. आपण म्हणतो, बॅटरी टिकत नाही.

या थराला दोन गोष्टी भराभर वाढवतात: उष्णता, आणि सतत शंभर टक्क्यांवर ठेवणं. दोन्ही एकत्र आल्या तर विचारूच नका. मे महिन्यात पर्यटकांना घेऊन फिरणाऱ्या पायलटच्या, म्हणजे आमच्याकडच्या मोटरसायकल-टॅक्सीवाल्याच्या, हँडलला फोन लावलेला असतो. वरून ऊन, स्क्रीनवर नकाशा, आणि खाली चार्जरची वायर. त्या बॅटरीचं आयुष्य तिथे डोळ्यांदेखत वितळत असतं. माझ्या एका फोनची पाठ अशीच हळूहळू वर आली. आतली रसायनं बिघडून वायू तयार होतो आणि बॅटरी उशीसारखी होते. अशी बॅटरी दाबायची नाही, टोचायची नाही, 'अजून चालतेय' म्हणून चार्जिंगला तर अजिबात लावायची नाही. आतले दोन भाग एकमेकांना चिकटले तर आग लागते. लिथियमच्या बॅटरीला सोसतं ते म्हणजे मधेमधे थोडं थोडं चार्ज करणं, वीस ते ऐंशी टक्क्यांच्या आसपास ठेवणं. पूर्ण उतरवायची गरज नाही, उलट त्याने तिचं नुकसानच होतं.

'माझा जुना फोन आठवडाभर चालायचा' ही तक्रार खरी आहे, पण दोष नव्या बॅटरीचा नाही. नोकिया ११०० ची बॅटरी होती ८५० मिलीअँपिअर-तासांची. आज ५००० ची मिळते, जवळपास सहापट, आणि संध्याकाळी चार्जर शोधावा लागतो. ११०० च्या पडद्यावर ९६ गुणिले ६५, म्हणजे सहा हजारांच्या वर थोडे ठिपके होते, तेही काळे-पांढरे. आजच्या साध्या फोनवर १०८० गुणिले २४०० म्हणजे जवळपास २६ लाख रंगीत ठिपके असतात, आणि ते उजळायचे असतात. आत तर छोटा संगणकच बसलेला.

रेंज कमी असली की बॅटरी जास्त जाते हे मात्र जुन्या-नव्या दोन्ही फोनांना लागू आहे. टॉवर जवळ असेल तर फोन हळू बोलतो, लांब असेल तर ओरडतो. टू-जीच्या ९०० मेगाहर्ट्झवर ही ताकद दोन वॉटपर्यंत चढायची. घाटातून जाताना फोन खिशात गरम लागतो त्याचं कारण हेच. टॉवर गावात नको म्हणून आपल्याकडे सह्या गोळा होतात, तेव्हा हा मुद्दा कुणी काढत नाही: टॉवर जितका लांब, तितका कानाशी धरलेला फोन जास्त जोर लावतो. दोन्हीकडच्या लहरी क्ष-किरणांसारख्या अणूतून इलेक्ट्रॉन उडवणाऱ्या जातीच्या नाहीत, आणि भारताने १ सप्टेंबर २०१२ पासून टॉवरसाठी आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश एवढीच मर्यादा ठेवली आहे. माझं मत विचाराल तर वाळपईत टॉवर हवा.

पाणी, तांदूळ आणि बोट

टच स्क्रीनचे फोन आले तेव्हा सुरुवातीचे बरेच दाबाचे होते. वरचा लवचिक थर दाबून खालच्याला टेकवायचा, मग ते कुठे टेकले ते फोनला कळायचं. नखाने, काडीने, कशानेही चालायचं. आताचे पडदे दाब मोजत नाहीत, विद्युतभार मोजतात. बोटात पाणी आणि क्षार असतात, म्हणून बोट टेकलं की तिथला भार किंचित बदलतो. पावसाचा थेंबही तेच करतो. जून ते सप्टेंबर या काळात बसस्टॉपवर फोन आपला आपण नंबर फिरवायला लागतो, कारण त्याच्या लेखी प्रत्येक थेंब हे बोटच असतं.

हा झाला वरचा पाऊस. आत गेलेलं पाणी वेगळं. निव्वळ ओलाव्याने फोन क्वचितच जातो. पाण्यात क्षार असतात, बॅटरी जोडलेली असते, आणि बारीक तांब्याच्या जोडांमधून नको तिथे वीज वाहू लागते. त्यातून धातू झिजतो, हिरवट बुरशीसारखी खार चढते. समुद्राच्या पाण्यात क्षार गोड्या पाण्यापेक्षा कितीतरी पट, म्हणून तेच काम काही तासांत उरकतं. खोक्यावर आयपी-६८, म्हणजे धूळ-पाणी रोखण्याचा दर्जा, लिहिलंय म्हणून फोन घेऊन समुद्रात शिरणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं: त्या चाचण्या गोड्या पाण्यात होतात. शिवाय ती रबरी सीलं वर्षागणिक सैल पडतात.

आणि तांदूळ. भिजलेला फोन तांदळात पुरून ठेवायचा उपाय सगळ्यांना ठाऊक आहे. उकडे घ्या नाहीतर सुरय, म्हणजे न उकडलेले, फरक पडत नाही. तांदूळ आतल्या क्षारांना हात लावत नाही, उलट त्याची भुकटी चार्जिंगच्या भोकात जाते. ॲपलनेही २०२४ मध्ये आपल्या सूचनांत तांदूळ वापरू नका असं लिहून टाकलं. खरं काम एवढंच: फोन लगेच बंद करा, चार्जिंगला लावू नका, हलवून पाणी बाहेर काढा, आणि समुद्राचं पाणी असेल तर त्याच दिवशी दुरुस्तीवाल्याकडे न्या. तो उघडून अल्कोहोलने पुसतो. दोन दिवस 'वाळू दे' म्हणून थांबलं की खार जिंकते. मिरामारवर लाटेत पडलेला माझा फोन वाळला छान, चालू झाला नाही.

फोर-जी असूनही बोलता न येणं

आता सगळ्यात गोंधळाचा भाग. टू-जी आणि थ्री-जीमध्ये बोलण्यासाठी वेगळी वाट राखलेली असायची. कॉल चालू असेपर्यंत ती तुमचीच. फोर-जी बांधलं ते फक्त डेटासाठी. त्यात आवाजासाठी वेगळी वाटच ठेवली नाही. मग सुरुवातीचे फोर-जी फोन कॉल आला की गुपचूप टू-जी किंवा थ्री-जीवर उतरायचे, बोलणं संपलं की परत वर चढायचे. बोलताना इंटरनेट मंदावायचं ते यामुळेच.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, आणि त्यांच्याकडे उतरायला खाली काही नव्हतंच. टू-जी नाही, थ्री-जी नाही. तिथे आवाजही डेटाच्या पाकिटांत घालून पाठवायचा, ज्याला व्होल्टी म्हणतात. त्यामुळे 'फोर-जी' लिहिलेले कितीतरी फोन इंटरनेट चालवायचे पण थेट कॉल लावू शकायचे नाहीत, त्यासाठी वेगळं ॲप घालावं लागायचं. फोनवर फोर-जी लिहिलेलं असणं आणि त्या फोर-जीवर बोलता येणं या वेगळ्या गोष्टी आहेत, हे तेव्हा दुकानदारांनाही सांगता येत नव्हतं.

पुढे खासगी कंपन्यांनी थ्री-जी बंद करून तो पट्टा फोर-जीला दिला. आणि इथे गंमत झाली. माझा मधल्या काळातला, चांगले पैसे मोजून घेतलेला थ्री-जी फोन इंटरनेटच्या दृष्टीने संपला, पण त्याच्याआधीचा ११०० अजून जिवंत आहे. कारण टू-जी काही कंपन्या अजून चालवतात. बटणांचे फोन वापरणारे लोक आहेत, कार्ड घासायची जुनी यंत्रं आहेत. त्या कंपनीचं सिम अडॅप्टरमध्ये बसवून घातलं की ११०० वर आजही बोलता येतं. थोरला टिकला, मधला गेला.

फाइव्ह-जी देशात १ ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालं. त्याबद्दल एकच सांगतो. फ्रिक्वेन्सी जितकी जास्त, तितका डेटा जास्त मावतो पण लहर भिंतीत लवकर दमते. ३५०० मेगाहर्ट्झच्या आसपासचं फाइव्ह-जी आमच्या चिऱ्याच्या जाड भिंतींपुढे हात टेकतं, म्हणून अंगणात धावतं आणि माजघरात गायब होतं. ७०० मेगाहर्ट्झचं आत शिरतं, पण तेवढं वेगवान नसतं. आणि पावसात रेंज जाते ती पावसामुळे जाते असं समजू नका. या फ्रिक्वेन्सींना पाऊस फारसा अडवत नाही. वीज जाते, टॉवरच्या बॅटऱ्या संपतात, डिझेल घेऊन येणारा माणूस पडलेल्या झाडापलीकडे अडकतो. किंवा एका टॉवरहून दुसऱ्या टॉवरकडे जाणारा मायक्रोवेव्हचा दुवा मुसळधार पावसात कमजोर होतो. तो फार वरच्या फ्रिक्वेन्सीचा असतो, त्याला पाऊस खरोखर बाधतो.

उरलं सॉफ्टवेअर. एखादं ॲप जुन्या प्रणालीसाठी चालू ठेवायचं तर कंपनीला माणसं लागतात. वापरणारे कमी झाले की ती हात काढून घेते. व्हॉट्सॲपने ३० जून २०१७ नंतर जुन्या नोकियांतल्या सिंबियन प्रणालीवरचं काम थांबवलं; ४ जानेवारी २०२२ ला जुन्या ब्लॅकबेरींच्या सेवा बंद झाल्या. शिवाय प्रत्येक फोनमध्ये विश्वासू प्रमाणपत्रांची एक यादी असते, तिच्याशी ताडून तो संकेतस्थळ खरं की खोटं ठरवतो. अपडेट थांबले की ती यादी शिळी होते आणि फोन खऱ्या बँकेलाही ओळखेनासा होतो. माझा तो ओरखडा नसलेला फोन याच वाटेने गेला. आता गूगल आणि सॅमसंग काही फोनांना सात वर्षं अपडेट देऊ म्हणतात, २०२३-२४ पासून. फोन घेताना कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल बघण्याआधी हा आकडा विचारावा, असं मला वाटतं.

मागच्या वर्षी आईला फोन घ्यायचा होता. 'म्हाका बटणांचोच जाय', म्हणजे मला बटणांचाच हवा, हे ठरलेलं. टू-जी बंद करा ही मागणी अधूनमधून होत असते, तेव्हा टू-जीचा बटणफोन घेणं म्हणजे बाबांच्या सीडीएमएची गोष्ट पुन्हा करणं. दुकानात दोन्ही सारखेच दिसतात, किमतीत फरक असतो. खोक्यावर फोर-जी आणि व्होल्टी दोन्ही लिहिलंय ना ते पाहिलं, बॅटरी काढता येते ना ते पाहिलं, आणि घेतला. युरोपात तर १८ फेब्रुवारी २०२७ पासून वापरणाऱ्याला स्वतः बदलता येईल अशी बॅटरी देणं बहुतेक फोनांना बंधनकारक होतंय.

जुने फोन ठेवायचेच असतील तर बॅटरी अर्धी चार्ज करून, थंड जागी, आणि फुगलेली असेल तर घरात नकोच. ती ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यायची, नेहमीच्या कचऱ्यात टाकायची नाही. देऊन टाकायचे असतील तर आधी बँकेची आणि यूपीआयची ॲपं काढा, गूगल खात्यातून बाहेर पडा, मग फॅक्टरी रिसेट. फोन चालू असेल तर *#०६# दाबून येणारा १५ आकडी आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा ओळखक्रमांक, लिहून ठेवा, पुढे काही भानगड झाली तर तो फोन आपल्याकडून गेला हे सांगता येतं. आणि मेमरी कार्ड काढून घ्या. रिसेट मारलं तरी ते तसंच राहतं.